शिकेकाई, रिठा व साबणाची वडी : किन्हवली परिसरांतील केशप्रक्षालनाचा अल्प इतिहास

राजघराण्यांच्या वंशावळी व लढायांच्या बखरी यांचें संशोधन आपल्याकडे पुष्कळ झालें आहे. परंतु सामान्य माणूस डोकें कशानें धूत असे, या प्रश्नाकडे लक्ष देण्यास फारच थोड्या संशोधकांस सवड मिळाली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं रिठा, साबण व परीट यांच्या इतिहासावर लिहून या विषयाची वाट प्रथम मोकळी केली. त्याच वाटेनें चार पावलें पुढें जाऊन, शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या शिवेजवळील किन्हवली गांवच्या अनुभवाची त्यास जोड द्यावी, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

(१) संस्कृत ग्रंथांतील साधनें

प्राचीन भारतांत साबण होता, असें अलीकडे कित्येक उत्साही लेखक मोठ्या आत्मविश्वासानें सांगतात. त्यांचा मुख्य आधार म्हणजे वात्स्यायनाच्या कामसूत्रांतील नागरकाची दिनचर्या. तेथें स्नान नित्य, उत्सादन दुसऱ्या दिवशीं व फेनक तिसऱ्या दिवशीं, असा क्रम सांगितला आहे. फेनक म्हणजे फेंस देणारा पदार्थ, हें उघड आहे. परंतु फेंस देणारा प्रत्येक पदार्थ साबण नव्हे. तेल अथवा चरबी आणि क्षार यांच्या संयोगानें जो तयार होतो, तोच साबण. त्या सूत्रांत असा कोणताहि संयोग सांगितलेला नाहीं, व केसांचाहि उल्लेख नाहीं. सबब फेनकावरून साबणाची वडी सिद्ध करणें म्हणजे धूर पाहून स्वयंपाकांतील पक्वान्नांचीं नांवें सांगण्यासारखें आहे.

रिठ्याचा पुरावा मात्र भक्कम आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धि सांगतांना रेशीम व लोंकर यांस खारी माती, आणि कुतप नामक कांबळ्यांस अरिष्टक विहित केलें आहे. टीकाकार कुतप म्हणजे नेपाळांतील बकऱ्यांच्या केसांचें कांबळें असें समजतात. म्हणजे रिठ्यानें केस धुण्याचा हा जुना उल्लेख मनुष्याच्या नव्हे, तर बकऱ्याच्या केसांचा ठरतो ! अरिष्टकापासून प्राकृतांतील ‘रिट्ठ’ व त्यापासून आपला ‘रिठा’ ही परंपरा सरळ आहे. कोशांत अरिष्टास ‘फेनिल’ असेंहि नांव आहे, तेंहि अन्वर्थक होय.

शिकेकाईची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. अमरकोशांतील ‘सप्तला’, जिचा एक पर्याय ‘भूरिफेना’ आहे, तीच शिकेकाई असें पुष्कळ वैद्य मानतात. इतर कित्येक तीस थोराच्या जातीची चिकाळ वनस्पति समजतात. हा वाद मिटलेला नाहीं. मात्र आपला रूढ शब्द संस्कृतोद्भव नाहीं, हें निश्चित. कानडींत ‘सीगेकायि’ व तामिळांत ‘शीयक्काय्’ असे शब्द असून ‘काय’ म्हणजे कोंवळें फळ अथवा शेंग. वेल सह्याद्रीच्या रानांत आपोआप वाढते, पण नांव दक्षिणेचें. यावरून शेंगेच्या वापराची अथवा व्यापाराची रीत दक्षिणेकडून आली असावी, असें अनुमान करण्यास जागा आहे.

(२) तेल आधीं, धुणें मागाहून

डोक्यास नित्य तेल लावावें, त्यानें केस गळत नाहींत, असें चरक सांगतो. ऊन पाणी डोक्यावर घेतल्यास केस व डोळे यांचें बल घटतें, असें वाग्भट बजावतो. तेव्हां आपल्या पूर्वजांपुढील खरा प्रश्न केसांतील सर्व तेल काढून टाकण्याचा नसून फाजील तेवढें काढण्याचा होता. शिकेकाई हें काम बेतानें करते. तिच्या अंगीं फेंसाचें द्रव्य आहे, पण तिचें पाणी किंचित् आंबट असतें. उलटपक्षीं साबण स्वभावतःच क्षारयुक्त. क्षारानें केसांवरील सूक्ष्म खवले उघडतात, केस राठ होऊन गुंततात. त्यांतून विहिरीचें पाणी जड असेल तर त्यांतील चुन्याशीं साबणाचा संयोग होऊन चिकट साका केसांवर बसतो. शेवटच्या पाण्यांत लिंबू पिळण्याची जी युक्ति कित्येक घरांत आहे, तिचें मर्म हेंच : आम्लानें साका सुटतो व खवले पुन्हां मिटतात.

(३) साबण शब्द व साबण वस्तु

‘साबण’ हा शब्द अरबी ‘साबून’चा वंशज आहे. गुरु नानक (१४६९–१५३९) यांच्या जपुजींत मळलेलीं वस्त्रें साबणानें धुण्याचा दृष्टान्त आहे. तेव्हां उत्तरेंत हा शब्द पोर्तुगीजांकडून आला नाहीं, हें स्पष्ट आहे. किनाऱ्याकडील बोलींतील ‘साबू’ या रूपाचें मात्र पोर्तुगीज शब्दाशीं अधिक साम्य आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती, हें येथें ध्यानांत घ्यावें. एकाच वस्तूचीं हीं दोन नांवें दोन वाटांनीं आलीं असणें अशक्य नाहीं.

गिरणींतील साबणाचा काळ मात्र नोंदलेला आहे. विलायती सनलाइट साबणाच्या पेट्या १८८८ सालीं कलकत्त्याच्या बंदरांत उतरल्या. परदेशी साबणांत जनावरांची चरबी असे, म्हणून सोंवळ्यांत त्यास मज्जाव होता. अर्देशिर गोदरेज यांनीं पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास वनस्पतितेलांचा साबण काढला, तेव्हां ही अडचण दूर झाली. १९३४ सालीं मुंबईंत शिवडीस लीव्हर कंपनीचा कारखाना सुरू झाला. आसनगांवपर्यंत आगगाडी १८६० सालींच आलेली होती, व १८६१ च्या आरंभीं ती कसाऱ्यास पोंचली. पूर्वी नाणेघाटानें बैलांच्या पाठीवर माल जात-येत असे. आतां शहरचा माल रुळांवरून येऊं लागला.

(४) किन्हवलीचा अनुभव

प्रस्तुत लेखकाच्या लहानपणीं किन्हवलीकडील घरांत साबणाची लांब कांब आणीत व तारेनें तिच्या वड्या कापीत. तीच वडी कपड्यांस, तीच अंगास आणि तीच डोक्यास. न्हाण्याच्या दिवशीं आजी मात्र शिकेकाईच उकळी. ठाकूर व कातकरी बाया रानांतून शेंगा आणून दुकानीं घालीत आणि मोबदल्यांत मीठ, मिरची व साबणाचा तुकडा घेऊन जात. ज्या हातांनीं कांट्यांतून शिकेकाई तोडली, त्यांच्या मुलींचे केस कपड्यांच्या साबणानें पिंगट व राठ झालेले आम्ही शाळेंत पाहिले. शिकेकाई उकळावयास सरपण, वेळ व घरांत सांठा लागतो; वडीस केवळ पाणी पुरतें. हा बदल अज्ञानानें नव्हे, दारिद्र्यानें घडविला.

आणखी एक गोष्ट कबूल करणें भाग आहे. तरुणपणीं एका दुकानांतून आणलेली साबणाची वडी मोडी लिपींतील जुन्या कागदांत गुंडाळलेली होती. मोडीचा अभ्यास नुकताच सुरू केलेला. ‘रिठे’ व ‘शिकेकाई’ एवढे दोन शब्द लागले. कागद वाळवून पुढें नीट वाचूं, असें म्हणून तो न्हाणीच्या कट्ट्यावर ठेविला. सकाळीं त्याचा लगदा झाला होता. त्यावर तिथि होती कीं नाहीं, हें आतां सांगतां येत नाहीं. तिथिहीन व नष्ट कागदावरून कांहींहि सिद्ध होत नाहीं, म्हणून वरील विवेचनांत त्याचा उपयोग केलेला नाहीं. परंतु तो दोष दुकानदाराचा नसून या लेखकाचा आहे.

(५) उपसंहार

इंग्रजी ‘शांपू’ हा शब्द आपल्याकडील ‘चांपणें’ याच धातुकुळांतला. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रायटन येथें अंगमर्दनाचें स्नानगृह चालविलें, तेव्हां त्याचा अर्थ चंपी असाच होता. तोच शब्द अर्थ पालटून पुड्यांतून परत आला आणि आज किन्हवलीच्या दुकानांत माळेनें टांगलेला आहे.

फेनक म्हणजे साबण नव्हे. रिठ्याचा पुरावा प्राचीन आहे. शिकेकाईचें नांव दाक्षिणात्य आहे. आणि ती सामान्य घरांत केव्हां रुळली, हें ग्रंथांवरून ठरत नाहीं. तें ठरेल घरगुती यादींवरून, वाण्याच्या वह्यांवरून व लग्नखर्चाच्या टिपणांवरून. संग्राहक मित्रांस विनंति इतकीच कीं, दप्तर चाळतांना सनदा व महजर काढून घेऊन बाजाराच्या यादी रद्दींत टाकूं नयेत. शिकेकाईच्या एका शेराची तिथीसह नोंद सांपडली तरी या टिपणांतील एक अनुमान पक्कें होईल किंवा खोटें ठरेल. दोन्हीं प्रकारें लाभच आहे. इत्यलम्.