हरभऱ्याची हरवलेली प्रत

बाळापूरचा किल्ला १७५७ साली पुरा झाला, हे आपण वाचले असेल. किल्ल्याभोवतीच्या काळ्या रानातल्या तुरीहरभऱ्याचा इतिहास मात्र कोट्यवधी वर्षांचा आहे, अन् तो त्यांच्या पानांतच लिहिलेला आहे.

पानाला हिरवेपणा देणाऱ्या हरितलवकात डीएनएची लहानशी पोथी असते. बहुतेक वनस्पतींत तिचा एक मोठा भाग दोनदा येतो: एकदा सुलट, एकदा दुसऱ्या पेडावर उलट दिशेने. तुरीत, मुगात दोन्ही प्रती आहेत. हरभरा, वाटाणा, मसूर, लाख, मेथी यांत एकच! सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी यांच्या मूळ पूर्वजाने दुसरी गमावली. म्हणून ही सख्खी भावंडे. तूर चुलत घरची.

प्रत गेली की उरलेल्या मजकुराची उलथापालथ वाढते, असे १९८२ साली पामर आणि थॉम्पसन यांनी मांडले. सरसकट तसे नाही बरे. लसूणघासाने क्रम पुष्कळ सांभाळला आहे. पण एका प्रतीतली चूक दुसरीवरून सुधारता येते, आणि त्या भागात बदल सावकाश होतात, हे खरे. हरभऱ्याला ती सोय नाही. २००८ साली त्याची पोथी १,२५,३१९ अक्षरांची भरली, कपाशीची १,६०,३०१. घाटे मात्र तो दर हिवाळ्यात धरतोच.