चित्रातली बाई, जात्यावरची बाई

आम्ही सायन्सवाले रीडिंग घेण्याआधी उपकरण काय मोजू शकतं ते बघतो. इतिहासाच्या साधनालाही तुम्ही हाच प्रश्न विचारा.

१९२० साली ऑटो रॉथफेल्ड यांचं ‘विमेन ऑफ इंडिया’ हे पुस्तक आलं. त्यातली चित्रं कोल्हापुरात जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांची. लुगडं, दागिने, उभं राहण्याची ढब सगळं बारकाईने टिपलेलं. पण त्या बायका बहुतेक जात, प्रांत किंवा धंद्याचा नमुना म्हणून येतात, नावानिशी नाही. आणि कामाला किती वेळ लागला, हे चित्रातून कळत नाही.

आता दुसरं साधन घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, गाणारणीच्या नाव-गावासकट. पहाटेचं दळण, माहेर, भाऊ, सासुरवास हे सगळं त्यात बाई स्वतः सांगते. मात्र ती कशी दिसायची, हे ओवीपेक्षा चित्र जास्त सांगतं.

म्हणून दोन्ही साधनं शेजारी ठेवा. आमच्या होटगीत काय किंवा तुमच्या गावात काय, गिरणी आली नि जातं कोपऱ्यात गेलं. ओव्या पाठ असलेली आजी घरात असेल, तर तिला विचारून आजच रेकॉर्ड करा. नाव, गाव, तारीख लिहायला विसरू नका.