मोरीत न मावणारं पाणी

वॉशिंग मशीननं धुण्याचं पाणी सोडलं की मोरीच्या जाळीतून फेस उसळतो आणि पाहता पाहता पाणी उंबरा ओलांडून बाहेर येतं. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींना हे नवीन नाही. दोष बहुधा तुंबलेल्या नळीवर ढकलला जातो. पुष्कळदा तो खराही असतो, पण जाळी साफ केली, नळीत स्प्रिंग मारली, तरी महिन्याभरात पाणी पुन्हा वर येतं, तेव्हा कारण इमारतीच्या वयात शोधावं लागतं. शहरांत पाणी आधी आलं आणि त्याच्या जाण्याची सोय मागाहून झाली. हा क्रम दीडशे वर्षांत फारसा बदललेला नाही.

चाळीतल्या खोलीची मोरी म्हणजे कोपऱ्यातली दगडी फरशी, भोवती वीतभर कठडा आणि भिंतीत एक भोक. भांडी, आंघोळ, धुणं, सगळं तिथंच. पाणी बाहेरून भरून आणलेलं, त्यामुळे ते तांब्यातांब्यानं वापरलं जाई आणि तितक्याच सावकाश भोकातून निघून मागच्या घरगल्लीत, म्हणजे इमारतींमधल्या अरुंद बोळात, उतरे. चादरींसारखं मोठं धुणं परवडत असेल तर धोब्याकडे जाई. महालक्ष्मीचा धोबीघाट 1890च्या सुमाराचा.

घरगल्लीतली गटारं मात्र त्याआधीच अपुरी पडू लागली होती. 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी नळानं मुंबईत आलं. ही योजना हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याची. शहराच्या सांडपाण्याच्या दुरवस्थेवरही त्यानं 1850च्या दशकात अहवाल लिहिला होता. नळ झाले, गटारं रेंगाळली. 1892 मध्ये तानसा तलावाचं पाणी आलं, वापर आणखी वाढला आणि सखल वस्त्यांची जमीन ओलसर राहू लागली.

1896च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं, तेव्हा प्रशासनाचा पहिला संशय गटारांवरच गेला. कार्बोलिक ॲसिड आणि समुद्राचं पाणी सोडून गटारं धुऊन काढण्यात आली. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं 1898 मध्ये दाखवलं. त्याच वर्षी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि घरात हवा, उजेड व सांडपाण्याची नीट वाट असावी, हा बांधकामाचा विषय बनला.

भिंतीतल्या भोकाची जागा पुढं नहाणी ट्रॅपनं घेतली. त्यामागची युक्ती लंडनची. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीनं 1775 मध्ये शौचकूपाचं पेटंट घेतलं. त्याच्या नळीला वळण होतं, वळणात थोडं पाणी साचून राही आणि खालची दुर्गंधी तिथंच अडे. मोरीतला बिडाचा ट्रॅप याच तत्त्वावर चालतो. आंघोळीची बादली दहा मिनिटांत रिकामी होते, तेवढ्या पाण्याला तो पुरतो. मात्र केस, धागे आणि साबणाचा चिकट थर याच वळणात अडकून बसतात.

दरम्यान अमेरिकेत धुण्याचं यंत्र घडत होतं. शिकागोच्या हर्ली कंपनीचं विजेवर चालणारं ‘थॉर’ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस बाजारात आलं. 1937 मध्ये बेंडिक्स कंपनीनं आपोआप धुऊन, खंगाळून, पिळणारं यंत्र आणलं. पुढच्या यंत्रांतले पंप मिनिटाला पन्नास-साठ लिटर पाणी बाहेर फेकू लागले आणि तिथल्या जुन्या घरांतल्या दीड इंची नळ्या ओसंडू लागल्या. आता तिथले प्लंबिंगचे नियम यंत्रासाठी किमान दोन इंची उभी नळी मागतात. अर्धा इंच किरकोळ वाटतो, पण छेदाचं क्षेत्रफळ त्यानं जवळपास पावणेदोन पट होतं. ही नळी ट्रॅपच्या वर दीड फूट तरी उंच ठेवतात, म्हणजे एकदम आलेलं पाणी क्षणभर तिच्यात थांबू शकतं.

भारतात मध्यमवर्गीय घरांत मशीन शिरलं ते 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात, व्हिडिओकॉनसारख्या कंपन्यांच्या सेमी-ऑटोमॅटिकच्या रूपानं. त्याला पंप नव्हता. खटका फिरवून पाइप जमिनीवर सोडला की टबातलं पाणी उतारानं मोरीकडे जाई. पाणी फार झालं तर खटका बंद करता येई. पंपाच्या फ्रंट लोडमध्ये ती मुभा राहिली नाही. त्याचा पाइप जमिनीवर टाकला तर आत भरलेलं पाणीही सायफननं बाहेर ओढलं जातं, म्हणून तो कमरेच्या आसपास बांधावा लागतो. आणि तो नळीत घट्ट कोंबला तर हवेला वाट उरत नाही, पाणी गुचक्या देत वर येतं.

पावडरीनं आणखी एक भर घातली. 1959 मध्ये सर्फ आणि 1969 मध्ये निरमा आल्यावर वडीच्या जागी भरपूर फेसाची पावडर रुळली. उंच इमारतीत वरच्या मजल्यांचा फेस उभ्या नळीच्या तळाशी, वळणापाशी साठतो आणि सर्वांत खालच्या घराच्या जाळीतून डोकं काढतो. अशा वेळी खालच्याचं मशीन बंद असतानाही मोरी भरते. हातानं धुण्याची पावडर सोडून मशीनसाठीची कमी फेसाची पावडर घेतली तर हा त्रास घटतो.

नव्या इमारतींत ड्राय बाल्कनीत मशीनचा नळ आणि स्वतंत्र नळी आधीच दिलेली असते. जुन्या घरात प्लंबर नहाणी ट्रॅपला हात न लावता बाहेरच्या भिंतीवरून दोन इंची पीव्हीसी नळी खालच्या गली ट्रॅपपर्यंत, म्हणजे मलवाहिनीला जोडलेल्या कुंडीपर्यंत, नेतो. त्यासाठी सोसायटीची परवानगी लागते. जवळ दिसते म्हणून पावसाच्या पाण्याच्या नळीला जोड दिला, तर साबणाचं पाणी मलवाहिनीऐवजी पर्जन्यवाहिनीत आणि तिथून नाल्यात उतरतं.