इंजिनाची धडधड आणि शेजाऱ्याची झोप

इ. स. १८९७ हे वर्ष माढेकरांनी दोन कारणांनी लक्षात ठेवावे. त्या वर्षी आपल्या तालुक्यातील कुर्डुवाडीहून बार्शीकडे अडीच फुटी रुळांवरून बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. आणि त्याच वर्षी, येथून हजारो कोस दूर, जर्मनीतील औग्सबुर्ग शहरी रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याच्या इंजिनाची चाचणी यशस्वी झाली. पहिली घटना आपल्या वाडवडिलांनी डोळ्यांनी पाहिली. दुसरीची वार्ता त्यांच्या कानी पडली नसेल. पण तिचा आवाज मात्र पुढे आपल्या मळ्यांत, गिरण्यांत आणि पेठांत येऊन थडकला. त्या आवाजाचा इतिहास आज आम्हांस सांगावयाचा आहे. तो यंत्राचा इतिहास तर आहेच, पण त्याहून अधिक तो शेजारधर्माचा इतिहास आहे.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हा सभेला वीज नव्हती आणि ध्वनिवर्धकही नव्हता. वक्त्याच्या छातीत दम असेल तेवढ्या अंतरावर श्रोते बसत. पुढे गॅसबत्ती आली. तिची फुरफुर व्याख्यानाच्या आड येण्याइतकी मोठी नव्हती. सभेच्या मागे धडधडणारे यंत्र उभे राहावे आणि वक्त्याने त्याच्याशी स्पर्धा करावी, हा योग फार नंतरचा.

इंजिन आपल्याकडे आले ते प्रथम पाण्यासाठी आणि पिठासाठी. सातारा रोड येथील कूपर कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने बनविण्यास प्रारंभ केला. त्याचे मालक धनजीशा कूपर हे पुढे १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. माढ्यासारख्या अवर्षणप्रवण मुलखात विहिरीवर इंजिन बसणे म्हणजे मोटेच्या बैलांची सुटका होणे होय. गिरणीची पुकपुक ऐकू आली की बायाबापड्यांना जात्यापासून सुटल्याचे समाधान होई. त्या काळी आवाज हा उपद्रव नव्हता. ती भरभराटीची खूण होती. शिवाय ती इंजिने संथ गतीची, मळ्यात किंवा गावाच्या कडेला बसविलेली. शेजारी शेजाऱ्याजवळ नव्हता, हेच त्याचे मुख्य कारण.

चुंबकाजवळ तारेचे वेटोळे फिरविले असता वीज उत्पन्न होते, हे फॅरडेने १८३१ साली दाखविले होते. या फिरत्या वेटोळ्याला इंजिन जोडले की जनित्र तयार होते. फिरत्या चित्रपटगृहांनी आणि तमाशाच्या फडांनी ही जोडी गावोगाव नेली. चित्रपट बोलका झाल्यावर इंजिन तंबूला चिकटून ठेवण्याची सोय उरली नाही; ते दूर उभे करून लांब तारेने वीज आणणे हाच शहाणपणा होता. ज्याला प्रेक्षकांच्या कानावर पोट भरावयाचे असते, त्याला कानाची किंमत कोणी शिकवावी लागत नाही.

यानंतर सरकारी विजेचे युग आले. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, १९६२ साली कोयनेची वीज वाहू लागली. आपल्याच तालुक्यात भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि पुढे तेथे वीजकेंद्रही उभे राहिले. आता घरगुती जनित्राची गरज सरली, असे कोणासही वाटावे. पण घडले ते उलट. मागणी वाढत गेली, पुरवठा मागे पडला. दाभोळचा प्रकल्प २००१ साली बंद पडला आणि २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने तासन् तास भारनियमन सोसले. तालुक्यांच्या गावांतील पेठांत मग दुकानोदुकानी पायरीवर लहान जनित्र येऊन बसले. पेट्रोलवर सुरू करावयाचे आणि तापले की रॉकेलवर फिरवावयाचे! दुकानात दोन दिवे लागत. धूर आणि कल्लोळ मात्र साऱ्या पेठेच्या वाट्याला येई. इतिहासात प्रथमच इंजिन शेजाऱ्याच्या उशाशी आले होते.

या लहान यंत्राला एवढा मोठा आवाज का, हे समजून घेणे अगत्याचे आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. लहान जनित्रात ती मिळविण्यासाठी इंजिनाला मिनिटाला ३००० फेरे घ्यावेच लागतात, मग त्यावर एक दिवा असो की दहा. म्हणजे एका दिव्यासाठीही ते जिवाच्या आकांताने पळत असते. जपानमध्ये होंडा कंपनीने १९६५ साली हाती धरून नेण्याजोगे ई-३०० हे जनित्र काढले. परंतु हलके होणे वेगळे आणि शांत होणे वेगळे. खरा पालट गेल्या शतकाच्या अखेरीस इन्व्हर्टर जातीच्या जनित्रांनी केला. त्यांत निघालेली वीज आधी एकदिश केली जाते आणि मग इलेक्ट्रॉनिक मंडलाकरवी तिची ५० आवर्तने बनविली जातात. इंजिनाचा वेग आणि आवर्तने यांची गाठ अशी सुटल्यामुळे भार कमी असेल तेव्हा इंजिनही सावकाश चालते. त्याला सर्व बाजूंनी आवाज शोषणारे कवच घातले की यंत्र जवळ उभे राहून बोलण्याइतके सौम्य होते.

कायद्यालाही जाग आली. १४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम काढले. त्यांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. पेट्रोल व रॉकेलवरील लहान जनित्रांची ध्वनिशक्ती २००३ च्या सप्टेंबरपासून ८६ डेसिबलांवर बांधली गेली. २००५ पासून बनणाऱ्या डिझेल जनित्रांना कवचापासून एक मीटरवर ७५ डेसिबलांची अट लागली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, या आशयाचा निर्णय दिला.

पण केवळ नियमाने शांतता येत नाही, हे एका साध्या हिशेबाने दिसेल. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलांनी उतरतो. ८६ डेसिबल ध्वनिशक्तीचे यंत्र सात मीटरवर सुमारे ६१ भरते, चौदा मीटरवर ५५. रात्रीच्या ४५ पर्यंत यावयाचे तर चाळीस-पन्नास मीटर दूर जावे लागते. आपल्या गल्ल्यांत एवढी जागा कोठे आहे? म्हणूनच नियमात बसणारे यंत्रदेखील शेजाऱ्याची झोप मोडू शकते. विकत घेताना आकडा वाचा, आणि तो किती अंतरावरचा व किती भारावरचा हेही विचारा. एकाने एक मीटरवरचा आणि दुसऱ्याने सात मीटरवरचा आकडा छापला असेल, तर त्यांची तुलना म्हणजे शेर आणि मणाची तुलना होय.

दुसरा हिशेब भाराचा. अशाच एखाद्या सभेला वीस वॅटचे दहा दिवे, अडीचशे वॅटचा ध्वनिवर्धक आणि शंभर वॅटचे चार उभे पंखे धरले तर बेरीज ८५० वॅट होते. पंखे सुरू होताना क्षणभर अधिक ओढतात, हे जमेस धरूनही दोन केव्हीएचे जनित्र पुरते. पाण्याच्या मोटारीची गोष्ट निराळी. ती सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह मागते. आपली गरज न मोजता मोठे यंत्र आणणारा इंधनही जाळतो आणि आवाजही विकत घेतो.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. आवाज लपविण्यासाठी पुष्कळ लोक जनित्र मागच्या खोलीत किंवा जिन्याखाली कोंडतात. शेजारी निजतो हे खरे. पण घरातले लोक कायमचे निजण्याची भीती असते. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद जागेत तो झोपलेल्या माणसाला जागे होण्याची संधी देत नाही. यंत्र कितीही शांत असो, त्याची जागा उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून लांब. तसेच जनित्राची तार घरच्या प्लगात खोचून वीज उलटी सोडू नये. चेंजओव्हर स्विच बसवावा. नाही तर ती वीज बाहेरच्या तारांवर चढते आणि वीज गेली म्हणून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेते. तोही आपल्यापैकीच कोणाचा तरी मुलगा असतो.

सव्वाशे वर्षांच्या या इतिहासाचे सार आमच्या मते एवढेच आहे. वीज हवी असणाऱ्याने तिची किंमत इंधनात मोजली, पण आवाजाची आणि धुराची किंमत दीर्घकाळ दुसऱ्याने मोजली. शांत यंत्राला जास्त पैसे पडतात, लांब व जाड तारेला पडतात, चेंजओव्हरला पडतात. हे पैसे म्हणजे चैन नव्हे. आजवर शेजाऱ्याच्या नावावर मांडलेला तो खर्च आहे, आणि तो आपल्या वहीत आणणे हाच नागरधर्म. परीक्षेच्या दिवसांत कंदील पुसून अभ्यासाला बसलेला मुलगा आणि अंथरुणाला खिळलेला म्हातारा हे दोघेही आपल्या जनित्राचे न विचारलेले ग्राहक असतात. यंत्र घेण्यापूर्वी त्यांना एकदा विचारावे, एवढीच आमची माढेकरांना विनंती आहे.