घोड्यांच्या चाऱ्यावरून

आपल्या पांढुर्णा आणि सावरगावच्या मधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही काठांवर काय होतं, ते इकडच्या बायकांना नव्यानं सांगायला नको. नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि दोन्हीकडून गोटे सुरू होतात. पळून चाललेल्या मुलामुलीची गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलेली आहे. या गोटमारीत कितीतरी जण जखमी होतात, काही वर्षी जीवही गेलेले आहेत. आणि नेमक्या त्याच सुमारास आपल्यातल्या श्वेतांबर घरांमध्ये पर्युषण चालू असतं, बहुतेक वर्षी तर त्याच दिवशी महावीर जन्मवाचन असतं. इकडे पाळण्याची दोरी, तिकडे गोफण!

पण मला आज सांगायचं आहे ते दुसऱ्याच एका नदीबद्दल. ती इथून हजारो कोस लांब, मंगोलियाच्या पूर्व टोकाला आहे. तिचं नाव खालखिन गोल. तिकडच्या भाषेत ‘गोल’ म्हणजे नदी, म्हणजे ही खालखा नदी. १९३९ साली तिच्या काठावर जे झालं ते आपल्या शाळेच्या इतिहासात नव्हतं. दुसरं महायुद्ध आपण हिटलरच्या पोलंडवरच्या स्वारीपासून, म्हणजे १ सप्टेंबर १९३९ पासून शिकलो. त्याच्या आधीचे चार महिने या नदीकाठी रशिया आणि जपान यांची फौज समोरासमोर लढत होती आणि माणसं हजारांनी मरत होती, हे मला पन्नाशी उलटल्यावर वाचायला मिळालं.

आधी जागा समजून घेऊ. जपाननं १९३१ मध्ये चीनचा मांचुरिया प्रांत घशात घातला आणि पुढच्या वर्षी तिथं ‘मांचुकुओ’ नावाचं राज्य उभं केलं. नावाला राजा, कारभार सगळा जपानी क्वांतुंग सेनेचा. पलीकडे मंगोलिया, त्याच्या पाठीशी सोव्हिएत रशिया. जपानी म्हणायचे, सरहद्द म्हणजे ही नदी. मंगोलियाचं म्हणणं, नाही, सरहद्द नदीच्या पूर्वेला सुमारे १६ किलोमीटरवर, नोमोनहानजवळून जाते. मधला पट्टा म्हणजे काय, तर वाळूच्या टेकड्या आणि गवत. ना गाव, ना खाण, ना शेत.

नोमोनहानला खूण कसली होती, तर दगडांची एक रास. मंगोल लोक अशा राशी रचतात, त्याला ‘ओवो’ म्हणतात. जाता-येता तिच्यावर एक दगड ठेवायचा, प्रदक्षिणा घालायची, पुढे जायचं. दगडाचा असाही उपयोग होतो, हे आपण जामच्या काठच्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

जुन्या काळी चीनच्या बादशहानं इथं जी रेघ ठरवली होती, ती दोन राष्ट्रांमधली नव्हतीच. एका बाजूला खालखा मंगोल, दुसऱ्या बाजूला बारगा मंगोल, म्हणून कोणाची जनावरं कुठं चरायची एवढ्यापुरती ती. दोघंही मंगोलच. नंतर अलीकडचे जपानच्या घोडदळात गेले, पलीकडचे रशियाच्या बाजूच्या, आणि एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. सावरगावचं माहेर आणि पांढुर्ण्याचं सासर असलेल्या बाईला गोटमारीच्या दिवशी काय वाटत असेल, त्यावरून याची थोडीफार कल्पना करता येईल.

११ मे १९३९ ला सत्तर ते नव्वद मंगोल घोडेस्वार घोड्यांना चारा शोधत त्या पट्ट्यात आले. मांचुकुओच्या घोडदळानं त्यांना हुसकून लावलं. दोन दिवसांनी ते जास्त माणसं घेऊन परत आले. आता विचार करा, चराईवरून असं भांडण आपल्याकडे झालं तर काय होतं? दोन शिव्या, फार तर लाठ्या, मग पंच बसतात. इथं तसं झालं नाही, कारण थोडे दिवस आधीच क्वांतुंग सेनेनं आपल्या अधिकाऱ्यांना एक नियम घालून दिला होता : जिथं सरहद्द स्पष्ट नाही, तिथं ती जागेवरच्या सेनापतीनं स्वतःच ठरवावी आणि राखावी. हा नियम लिहिणाऱ्याचं नाव त्सुजी मासानोबु. हुद्दा फक्त मेजरचा, पण जीभ आणि हिंमत सेनापतीची.

माझ्या मते सगळा अनर्थ त्या एका नियमात आहे. रेघ कुठली खरी, हे शोधायचं काम ज्याच्या हातात बंदूक त्याच्याकडेच दिलं. जून संपता-संपता याच सेनेच्या विमानांनी मंगोलियात आत शिरून ताम्साग-बुलाकच्या विमानतळावर बाँब टाकले, तेही टोकियोची परवानगी न घेता. राजधानीत मंत्री संतापले, पण कोणाला घरी बसवलं नाही. घरातल्या वांड पोराला एकदा पाठीशी घातलं की पुढे काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

जुलैत जपानी फौज नदी ओलांडून पलीकडे गेली आणि मार खाऊन परत आली. रशियन रणगाड्यांवर टाकायला जपानी शिपायांजवळ काय होतं, तर पेट्रोल भरलेल्या सरबताच्या बाटल्या. त्या बाटल्यांनी बरेच रणगाडे पेटलेही. पण रशियाच्या बाजूला आता जॉर्जी झुकोव्ह नावाचा सेनापती आला होता. त्याची जवळची रेल्वे साडेसहाशे किलोमीटरवर, म्हणजे आपल्या नागपूरहून जवळजवळ पुण्याला जाण्याइतकी लांब, आणि मध्ये धड रस्ता नाही. त्यानं हजारो ट्रक लावून दारूगोळा, इंधन, पीठ, सरपण सगळं वाहून आणलं. गवताळ रानात सरपणसुद्धा मिळत नाही ना! युद्धाच्या पुस्तकांत शौर्यावर पानंच्या पानं असतात, पण स्वयंपाकाचं लाकूड कुठून आलं हे वाचलं की मला लढाई खरी वाटायला लागते.

झुकोव्हनं फसवणूकही पक्की केली. बचावाची तयारी चालल्याची पत्रकं वाटली, खांब ठोकल्याचे आवाज मोठ्यानं वाजवले. शत्रूला वाटलं, हे हिवाळ्यासाठी खंदक बांधतायत. २० ऑगस्टला, रविवारी पहाटे, सुमारे ५७ हजार सैनिक आणि पाचशेच्या आसपास रणगाडे घेऊन तो तुटून पडला. पाच-सहा दिवसांत जपानची २३वी डिव्हिजन दोन्ही बाजूंनी वेढली गेली आणि महिनाअखेरीस संपली. याच आठवड्यात, २३ ऑगस्टला, मॉस्कोत रशिया आणि जर्मनीचा करार झाला. जपान जर्मनीला आपला मित्र समजत होता, आणि मित्रानं शत्रूशी हात मिळवला. टोकियोचं मंत्रिमंडळ त्या धक्क्यानं पडलं. १५ सप्टेंबरला युद्धबंदी ठरली, आणि १७ तारखेला रशियाची फौज पोलंडमध्ये शिरली.

रशियाच्या बाजूचे नऊ हजारांहून जास्त मेले किंवा बेपत्ता झाले, हा आकडा सोव्हिएत राज्य संपल्यावर बाहेर आला. जपाननं आपले सुमारे आठ हजार गेले असं नोंदवलं, पुढे त्याहून बरेच मोठे आकडे पुढे आले. आणि जपानी भाषेत याला आजही ‘नोमोनहान घटना’ म्हणतात. युद्ध नाही, घटना! वर्तमानपत्रांवर बंधनं होती, त्यामुळे पराभव केवढा झाला ते तिकडच्या आयाबायांना कळलंच नाही.

आपल्या पुराणात भरत आणि बाहुबली यांच्यावर हाच प्रसंग आला होता. दोन्ही सैन्यं उभी राहिली, तेव्हा मंत्र्यांनीच सांगितलं, भांडण तुम्हा दोघांचं आहे, माणसं कशाला मारता? मग दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध, दोघांचंच. लहानपणी ती नुसती कथा वाटायची. नोमोनहानचं वाचल्यावर मला त्यातल्या मंत्र्यांचं महत्त्व जास्त वाटायला लागलं. टोकियोत मंत्री होते, पण अडवणारा नव्हता.

सरहद्दीची रेघ म्हणजे वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि आपलं सौंसर-पांढुर्णा छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिलं. बोली मराठी, बाजार नागपूरचा, कचेरी हिंदी. वाईट पुष्कळांना वाटलं, पण संत्र्याच्या गाड्या जात-येत राहिल्या आणि मुली दोन्हीकडे दिल्या-घेतल्या गेल्या. त्या रेघेवर कोणी मेजर त्सुजी बसवलेला नव्हता.

खालखिन गोलची झळ आपल्यापर्यंतही पोचली. उत्तरेला एवढा मार खाल्ल्यावर रशियाच्या वाटेला जायचं की नाही, यावर जपानमध्ये पुन्हा-पुन्हा खल झाला. १३ एप्रिल १९४१ ला दोघांनी एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार केला आणि जपान दक्षिणेला वळला. याला कारण खालखिन गोल एकटंच नव्हतं, दक्षिणेचं तेल आणि रबरही होतं. पण त्या धड्याचा वाटा मोठा. मग सिंगापूर पडलं, रंगून पडलं, ब्रह्मदेशातून आपली माणसं पायी चालत निघाली, त्यांतली किती वाटेतच राहिली. १९४४ च्या मार्चमध्ये जपानी फौज मणिपुरात आली, तेव्हा सांगशाक गावी तिला अडवणाऱ्यांत मराठा पलटणीची चौथी बटालियन होती. सातारा-कोल्हापूरकडच्या घरांतली मुलं मंगोलियातल्या चाऱ्याच्या भांडणाचा कुठला तरी लांबचा हप्ता फेडत होती.

आणि मलायावर स्वारीची आखणी करणाऱ्यांत पुढे कोण होता? तोच त्सुजी. नोमोनहानहून परतलेल्या कित्येक जपानी अधिकाऱ्यांना, विशेषतः कैदेतून सुटून आलेल्यांना, पिस्तूल हातात देऊन आत्महत्या करायला लावली गेली. त्याला मात्र बढती मिळाली. युद्धानंतर तो पुस्तकं लिहून प्रसिद्ध झाला, जपानच्या संसदेत निवडून आला आणि १९६१ मध्ये लाओसला जाऊन नाहीसा झाला.

युद्धबंदीनंतर जपान्यांना आपली प्रेतं उचलायला त्या पट्ट्यात काही दिवस जाऊ दिलं. पुढे दोन्ही बाजूंचे मोजणीदार बसले, नकाशे काढले, वाद घातले. १९४२ मध्ये रेघ पक्की झाली. बहुतेक ठिकाणी ती नदीवर नाही, पूर्वेलाच, मंगोल लोक सांगत होते तिथंच जवळपास ठरली.