टाळूची खिडकी : अर्भकांच्या मेंदूचे प्रतिमांकन आणि खानदेश

अर्भकाच्या मेंदूची प्रतिमा मिळविणे हे वैद्यकातील आजही अवघड काम आहे. प्रस्तुत निबंधात या अडचणींचा ऐतिहासिक मागोवा घेऊन जळगाव व धुळे जिल्ह्यांत त्यांना मिळालेले वेगळे वळण तपासावयाचे आहे.

रोंटगेन यांनी १८९५ मध्ये शोधलेल्या क्ष-किरणांनी कवटी दिसे; मेंदू दिसत नसे. १९१८ मध्ये बाल्टिमोर येथील शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी मेंदूच्या पोकळ्यांतील द्रव काढून तेथे हवा भरली आणि मग चित्र घेतले. त्यांचे आरंभीचे बरेचसे रुग्ण जलशीर्ष झालेली मुलेच होती. ज्यांची टाळू अद्याप मिटलेली नसे, त्यांच्या बाबतीत सुई तेथूनच घालता येई. या विद्येचा आरंभ असा मुलांच्या वेदनेतून झाला.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये हाउन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूची तपासणी झाली. तो रुग्ण प्रौढ होता. एकेका छेदासाठी काही मिनिटे लागत आणि तेवढा वेळ डोके निश्चल ठेवावे लागे. तान्ह्या मुलाला 'हलू नकोस' असे सांगून उपयोग नसतो. ही क्षुल्लक वाटणारी बाबच पुढील अर्धशतकाची मुख्य अडचण ठरली, कारण गुंगीचे औषध दिले की श्वासावर अखंड लक्ष ठेवणे आले. पुढे तपासणी काही सेकंदांवर आली, तरी किरणोत्सर्गाची चिंता उरलीच. बालपणीच्या सीटी तपासणीमुळे रक्ताच्या व मेंदूच्या कर्करोगाचा धोका अल्प प्रमाणात वाढतो, असे ब्रिटनमधील २०१२ च्या विस्तृत अभ्यासात आढळले. एमआरआयमध्ये हे किरण नाहीत. मात्र वेळ अधिक लागतो आणि आवाज मोठा होतो. त्यामुळे मुलाला दूध पाजून, गुंडाळून, झोपेतच तपासण्याची पद्धत रूढ झाली. शिवाय नवजात मेंदूत पाणी अधिक व मायलिन कमी असल्याने प्रतिमेतील पांढऱ्या व करड्या भागांची छटा प्रौढांच्या नेमकी उलट दिसते. प्रौढांच्या प्रतिमांना सरावलेला डोळा येथे सहज फसतो.

१९७८ मध्ये अमेरिकेत पापिल व सहकाऱ्यांनी दीड किलोहून कमी वजनाच्या ४६ अर्भकांची सीटी तपासणी केली, तेव्हा २० जणांच्या मेंदूत रक्तस्राव आढळला. अपुऱ्या दिवसांच्या प्रत्येक मुलाला यंत्रापर्यंत नेणे शक्य नव्हते. लवकरच उत्तर सापडले ते सोनोग्राफीत. आपल्याकडे आजी तेल घालून जी टाळू भरते, तिच्यातूनच ध्वनिलहरी आत जातात. किरण नाहीत, गुंगी नाही, मुलाला ऊब सोडावी लागत नाही. यंत्रच खाटेपाशी येते.

खानदेशात मात्र याच यंत्राचा इतिहास दुसऱ्या बाजूने लिहिला गेला. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा १९९६ पासून अमलात आला. तरीही जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या ८८० वरून २०११ मध्ये ८४२ वर घसरली. धुळ्यात ती ९०७ वरून ८९८ झाली. २०१२ च्या नियमांनी हलवता येण्याजोगी यंत्रे नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारापुरती आणि फिरत्या वैद्यकीय पथकांपुरती मर्यादित केली. कायदा यंत्राची क्षमता पाहतो, ते कोणाच्या डोक्यावर टेकले आहे हे पाहत नाही. गर्भातील मुलीचा शोध घेणाऱ्यांमुळे जन्मलेल्या अर्भकाच्या तपासणीवरही नोंदणीचा व संशयाचा भार पडला. हे आकडे पाहता नियम सैल करावेत, असे मुळीच म्हणता येणार नाही. नवजात कक्षांची नोंदणी विनाविलंब करून घेणे आणि बालरोग विभागातील डॉक्टरांना टाळूतून तपासणी शिकविणे एवढे मात्र शक्य आहे. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ चे, तर जळगावचे २०१८ चे. हे शिक्षण या दोन्ही ठिकाणी देता येईल. टाळू साधारणतः दीड वर्षात मिटते. आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलातील रक्तस्राव बहुतांशी पहिल्या आठवड्यातच होतो.