निळ्या बाळाचा दोष कोणाचा?

करमाळा तालुक्यातील जेऊर हे पुणे–सोलापूर लोहमार्गावरील स्थानक. हृदयाला जन्मतःच छिद्र असलेले मूल घेऊन या बाजूची आई सोलापूरला वा पुण्याला निघते, तेव्हा डॉक्टरांच्या आधी घरच्यांनी तिची तपासणी केलेली असते. ग्रहणात विळीला हात लावला होतास का? काही चिरलेस का? आपल्या ख्रिस्ती घरांतूनही हा प्रश्न पुरता गेलेला नाही, हे कबूल केले पाहिजे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला हेच विचारले होते: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोघांनाही दोष दिला नाही. विज्ञानाला त्या उत्तरापाशी पोहोचायला फार काळ लागला, आणि त्या वाटेवर आपल्या ख्रिस्तसभेची काही माणसे भेटतात.

त्यांतील पहिले नील्स स्टेन्सन. १६३८ साली कोपनहेगन येथे ल्यूथरपंथी सोनाराच्या घरी जन्मलेल्या या शरीरशास्त्रज्ञाने हृदय हा एक स्नायूच आहे, असे ठामपणे मांडले. पॅरिसमध्ये असताना त्याने एका मृत गर्भाचे विच्छेदन केले. गर्भाचा ओठ दुभंगलेला होता, हाताची बोटे जुळलेली होती. आपल्याकडे असता तर ग्रहणावर बोट ठेवून सारे मोकळे झाले असते! स्टेन्सनने हृदय उघडले. फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी अरुंद होती, हृदयाच्या पडद्यात वाट राहिली होती आणि महारोहिणी दोन्ही बाजूंचे रक्त घेत होती. १६७० नंतरच्या काही वर्षांत हे वर्णन कोपनहेगनमध्ये छापले गेले आणि विसरले गेले. याच रचनेला पुढे मार्सेचे डॉक्टर फालो यांचे नाव मिळाले. त्यांनी १८८८ साली ‘निळ्या आजारा’चे सविस्तर वर्णन केले होते. स्टेन्सन मात्र १६६७ साली कॅथोलिक झाले, १६७५ साली धर्मगुरू व १६७७ साली बिशप झाले. दारिद्र्यात राहून १६८६ साली ते निवर्तले. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

दोष कसा दिसतो हे स्टेन्सनने दाखवले. तो का होतो, हे सांगण्याचे साधन त्या काळी नव्हते. ते साधन ऑगस्टिनियन मठवासी ग्रेगोर मेंडेल यांनी १८६५ साली ब्रनो येथे, वाटाण्यांच्या रोपांवरील व्याख्यानांतून पुढे ठेवले. श्रोत्यांना त्याचे महत्त्व उमगले नाही. १९५९ च्या जानेवारीत पॅरिसमधील झेरोम लेज्यून, मार्थ गोतिये व रेमाँ त्युर्पँ यांनी डाऊन विकाराच्या मुलांत एकविसाव्या क्रमांकाचे एक गुणसूत्र जास्त असते, हे प्रसिद्ध केले. पेशी वाढवण्याचे कसब गोतियेबाईंचे होते आणि श्रेय मात्र बराच काळ लेज्यून यांच्याच नावे राहिले. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयदोष असतो. हा शोध गर्भातच त्यांना नाकारण्यासाठी वापरला जाऊ लागला, याचे दुःख निष्ठावंत कॅथोलिक लेज्यून यांनी अखेरपर्यंत बाळगले. १९९४ च्या ईस्टरच्या दिवशी त्यांचे निधन झाले.

त्यानंतरचा प्रवास वेगाचा आहे. १९६० साली लंडनमध्ये मेरी होल्ट व सॅम्युअल ओराम यांनी एकाच कुटुंबात अंगठ्याचे व्यंग आणि हृदयाचे छिद्र बरोबरीने उतरलेले नोंदवले. त्याचे जनुक १९९७ साली सापडले. बाविसाव्या गुणसूत्राचा बारीकसा तुकडा गळाला की टाळू आणि हृदय दोन्हींत दोष येऊ शकतो, हे १९९० नंतर स्पष्ट झाले. चेहरा आणि हृदयातून निघणाऱ्या रोहिण्या यांच्या घडणीत गर्भातील एकाच समूहाच्या पेशी भाग घेतात. ओठ आणि हृदय एकत्र का बिघडतात, याचा एक उलगडा येथे आहे. ही घडण पहिल्या आठ आठवड्यांतच बहुतांशी पुरी होते. पाचव्या-सहाव्या महिन्यातल्या ग्रहणाला तेथे करण्यासारखे काही उरत नाही. २०१३ साली अमेरिकेत गंभीर हृदयदोषाच्या ३६२ मुलांची आईवडिलांसह तपासणी झाली. सुमारे दहांपैकी एका मुलात असा बदल कारणीभूत दिसला, जो आईतही नव्हता आणि बापातही नव्हता. तो नव्यानेच घडला होता.

पण सारेच नव्याने घडत नाही, आणि येथे आपल्या प्रदेशाची एक जुनी रीत आड येते. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतीय नातेव्यवस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्रातील मामाच्या मुलीशी विवाहाच्या प्रथेची नोंद केली. १९५६ साली डॉ. एल. डी. संघवी व सहकाऱ्यांनी मुंबईतील बारा अंतर्विवाही गटांतील नात्यातल्या विवाहांचे प्रमाण मोजले. आते-मामे भावंडांचा जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा समान असतो. एकच दडलेला दोष दोघांकडून बाळाला मिळण्याची शक्यता त्यामुळे वाढते. २००६ साली म्हैसूरच्या संशोधकांनी हृदयदोषाच्या मुलांच्या आईबापांत नात्यातले विवाह अधिक असल्याचे दाखवले. अशा विवाहांतील बहुसंख्य मुले निरोगी असतात, हेही खरेच.

ख्रिस्तसभेने १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेत रक्तसंबंधाची मनाई सात पिढ्यांवरून चारवर आणली. आजच्या, १९८३ च्या धर्मसंहितेत सख्ख्या चुलत, आते, मामे व मावस भावंडांचा विवाह बिशपांच्या सवलतीवाचून वैध होत नाही. हे नियम वैद्यकासाठी केलेले नव्हते. परंतु सवलतीचा अर्ज लिहिताना आपण हुंडा, शेती आणि घरोबा यांचा विचार करतो, तेव्हा त्याच पंक्तीत बाळाच्या हृदयाचाही विचार करायला काय हरकत आहे?

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांतून मुले तपासतात. जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहे. पुढे मोठ्या रुग्णालयात डॉक्टर आईला विचारतात: घरात आणखी कोणाला असा त्रास होता का? लग्नाआधी तुम्हा दोघांचे नाते काय होते? हे प्रश्न वंशावळ मांडण्यासाठी असतात, आणि त्यांची उत्तरे बापालाही द्यावी लागतात. बहुतेक साध्या दोषांत पुढच्या बाळाला धोका शंभरात दोन ते पाच इतकाच असतो, आणि गर्भ अठरा ते बावीस आठवड्यांचा झाला की सोनोग्राफीत त्याचे हृदय पाहता येते.